मामाचा हंगाम

नवऱ्याला वर्षातले पाच-सहा महिने ‘दादा’ म्हणायचं. तेही चारचौघांत, हसऱ्या तोंडानं, जीभ अडखळू न देता. करून बघा एकदा, म्हणजे कळेल. जुम्वाला ते जमलं होतं. एरवी ती त्याला आमच्याकडच्या सगळ्या बायका म्हणतात तसं ‘थोयाचे बाबा’ म्हणायची, अहो-जाहो करायची. पण उत्तरेचा वारा सुटला आणि मालिंदीच्या किनाऱ्यावर इटलीची माणसं उतरायला लागली, की थोयाचे बाबा गुंडाळून ठेवायचे. मग सगळं ‘ए दादा’ आणि ‘अरे दादा’.

गावात त्याचं नाव कित्साओ. समुद्रावर रिकार्दो. समुद्रावर तशी सगळ्यांचीच दोन दोन नावं असतात. त्याचा जिवलग मित्र न्झाई, तो तिकडे जॉर्जो. गावात भेटला की शेळ्यांबद्दल बोलायचा आणि वाळूवर भेटला की हातवारे करत गोऱ्या बायकांना ‘चाओ, बेल्ला!’ म्हणायचा. कित्साओ ‘ताऊसी’ डिस्कोमध्ये नाचायचा, पेटते पलिते फिरवायचा, पाहुण्यांना हाताला धरून उठवून नाचायला लावायचा. ‘ताऊसी’चं छप्पर नारळाच्या झावळ्यांचं आहे. त्या छपराच्या निम्म्या झावळ्या जुम्वानंच विणल्या होत्या, पण त्याखाली बसायचा प्रसंग तिच्यावर हंगामातून एखाद-दुसऱ्या वेळीच यायचा.

हे सगळं सुरू झालं ते अगदी सहज. थोया तेव्हा रांगत होता. एका संध्याकाळी कित्साओ घरी आला, अंगणातल्या पालथ्या उखळीवर बसला आणि डोकं खाजवायला लागला.

“एक गोरी बाई आहे. ओर्नेला नाव. चांगली आहे बिचारी, नवरा गेलाय. तिनं विचारलं, घरी कोण कोण असतं?”

“मग?”

“मी म्हटलं, आई आणि बहीण.”

“आणि मी?”

“तूच की बहीण! निघालं तोंडातून. समुद्रावर बायको आहे म्हटलं की माणसं पाठ फिरवतात, जुम्वा.”

जुम्वा हसली होती. खरंच हसली होती, पोट धरून. “बहीण तर बहीण,” ती म्हणाली होती, “मग बहिणीला लेसोची नवी जोडी घेऊन या.” त्यानं दुसऱ्या दिवशी आणली, लाल काठाची, एक कापड कमरेला गुंडाळायला, एक खांद्यावर घ्यायला. ती आता विटून पायपुसणं झाली, पण सोंग काही संपलं नाही. उलट त्याला भिंती आल्या, पत्र्याचं छप्पर आलं, अंगणात पाण्याची काळी टाकी आली. ओर्नेलानं हे सगळं ‘रिकार्दोच्या आईसाठी आणि बहिणीसाठी’ बांधून दिलं. टाकीचं पाणी अख्खी वाडी भरायची, त्यामुळे अख्ख्या वाडीला जुम्वा ही कित्साओची बहीण आहे हे पाठ होतं. सासूसुद्धा ओर्नेला आली की जुम्वाला ‘लेकी’ म्हणून हाक मारायची आणि तंबाखूची पिंक टाकून दुसरीकडे बघायची.

बहिणीची पोरं म्हणजे भाचरं. म्हणून थोया आणि त्याच्या पाठची म्बेयू, दोघांनी बापाला मामा म्हणायचं. त्यांचा बाप कुठे आहे? तर सांगायचं, तो मोम्बासाला दुसरीच्या नादी लागून पळाला. हे ऐकून ओर्नेला पहिल्यांदा इतकी रडली होती की जुम्वालाच तिची समजूत काढावी लागली. बाई वाईट नव्हती, हीच तर पंचाईत होती. साठी उलटलेली, गुडघ्यांनी बेजार, पण नाचायची हौस दांडगी. हातानं विणलेले स्वेटर आणायची. आमच्या उकाड्यात स्वेटर! पण आणायची, आणि पोरांनी ते अंगात घातले की तिचे डोळे भरून यायचे.

हंगामभर कित्साओ समुद्रावरच्या तिच्या बंगल्यात राहायचा. ईस्टरच्या सुमारास ती इटलीला, बर्गामोला परत जायची. वारा फिरायचा, पाऊस लागायचा, हॉटेलं फळ्या ठोकून बंद व्हायची आणि कित्साओ पिशवी खांद्यावर टाकून घरी यायचा. विहिरीवर घासून घासून आंघोळ करायचा, भडक रंगाचा शर्ट वळचणीला खोचायचा आणि मका पेरायला निघायचा. मग पोरांना मोकळीक. थोया त्याच्या खांद्यावर चढून अख्ख्या वाडीत ओरडत फिरायचा, “माझे बाबा आले! बाबा आले!” जुम्वा वर्षभर जगायची ती ह्या ओरडण्यावर.

पण पोरं म्हणजे पोरं. दोन हंगामांपूर्वी थोयानं घोळ घातला. ओर्नेलासमोर, भर वाळूत, ‘बाबा, शिंपला बघा’ म्हणून बसला. कित्साओनं कसंबसं निभावलं. बापाविना पोर आहे, दिसेल त्याला बाबा म्हणतं, असं काहीतरी सांगितलं. पण त्याच महिन्यात शेजारच्या वाडीत दुसऱ्या एका घरचं बिंग फुटलं. तिथल्या गोऱ्या बाईनं पोराला मांडीवर घेऊन, डोळ्यांत पाणी आणून विचारलं, आणि पोर विरघळलं. त्या घराच्या भिंती अजून तशाच उभ्या आहेत, छपरावाचून. आत एरंड माजलाय.

जुम्वानं ते घर जाऊन पाहिलं. त्या दिवसापासून तिनं घरात एक खेळ काढला. खोबऱ्याच्या वड्या करायच्या, लेसोच्या पदराला बांधून ठेवायच्या आणि पोरांना अवचित विचारायचं, “तो कोण रे?” ‘मामा’ म्हटलं की वडी. पुढे पुढे तिला एवढ्यावर भरवसा वाटेना. मग ती चुलीपाशी बसून खोटं खोटं रडायची. “थोया, बाळा, संपलं सगळं. आता खरं सांग. तो तुझा कोण? शपथ घेते, हा खेळ नाही.” पहिल्या खेपेला पोरगं धावत आलं, तिच्या गळ्यात पडलं आणि म्हणालं, “बाबा! माझे बाबा आहेत, तू रडू नको!” जुम्वानं त्याच्या थोबाडीत दिली. सहा वर्षांचं पोर ते. रडलंसुद्धा नाही, नुसतं गालावर हात धरून तिच्याकडे बघत राहिलं. “कोणी कितीही रडलं तरी,” ती म्हणाली, “मी रडले तरी. कळलं?” त्या रात्री ती खरीच रडली, पण पोरं झोपल्यावर.

पुढच्या खेपांना थोया डगमगायचा, ओठ चावायचा, एकदा-दोनदा अर्धवट ‘बा...’ निघायचं. तेव्हा वडी मिळायची नाही. म्बेयूला मात्र कधी काही शिकवावंच लागलं नाही. ती जन्मली तीच हंगामात. तिला तो मामाच ठाऊक. गेल्या पावसाळ्यात कित्साओ घरी आला तेव्हा ती आजीच्या मागे लपून म्हणाली होती, “मामा आपल्याकडे झोपणार?” सगळे हसले. कित्साओही हसला, पण मग बराच वेळ बाहेर जाऊन बसला.

आणि यंदा तर तो म्हणाला होता की हा शेवटचा हंगाम. “या पावसाळ्यात टुकटुक रिक्षा घेतो,” त्यानं म्हटलं होतं, “मालिंदी ते गांदा, दिवसभर फेऱ्या मारायच्या आणि रात्री घरी. बास झाला हा रिकार्दो.” जुम्वानं मनाशी पक्कं केलं होतं. पावसाळा लागला की म्बेयूच्या तोंडून ‘बाबा’ म्हणवून घ्यायचंच. तेवढं एक झालं की बाकी सगळं भरून पावलं.

त्यामुळे ओर्नेलानं निरोपाच्या जेवणाला सगळ्यांना ‘ताऊसी’त बोलावलं तेव्हा जुम्वा लग्नाला निघाल्यासारखी नटली. सासू गुडघे दुखतात म्हणून घरीच राहिली. जुम्वानं पोरांना घासूनपुसून काढलं, दोघांना स्वेटर घातले, पदराच्या गाठीत खोबऱ्याच्या तीन वड्या बांधल्या आणि टुकटुकमध्ये बसताना थोयाला बजावलं, “आजचा दिवस. शेवटचा. नीट राहा.”

“मामा,” थोया शहाण्यासारखा म्हणाला.

“शहाणं माझं बाळ.”

सूर्य नुकता बुडाला होता. ‘ताऊसी’त अजून खरी गर्दी व्हायची होती. कसरतीवाली पोरं वाळूवर एकमेकांच्या खांद्यावर चढून मनोरा रचत होती, टेबलाटेबलांवर मेणबत्त्या लागत होत्या, आणि बारपाशी घट्ट कपड्यांतल्या पोरी आरशात ओठ रंगवत बसल्या होत्या. त्यांतल्या एकीनं जुम्वाला ओळखलं आणि डोळा मारला. “काय गं बहीणबाई, आज दादाबरोबर नाचणार वाटतं!” तिच्या मैत्रिणी खिदळल्या. जुम्वाही हसली. आजच्या दिवस म्हणा काय म्हणायचं ते, तिला वाटलं.

ओर्नेलानं तिला दोन्ही गालांवर मुके दिले, शेजारी बसवलं, तिच्या ताटात भाजलेल्या कालवांचा ढीग वाढला. पोरांना बटाट्याच्या काड्या मिळाल्या आणि ती दोघं कसरतवाल्यांच्या कडेला जाऊन बसली. न्झाई पांढरी पँट घालून आला होता. ओर्नेलाच्या मोडक्यातोडक्या स्वाहिलीला जिथं शब्द पुरत नसत तिथं तो मध्ये पडायचा. मध्येच ती जुम्वाकडे आणि न्झाईकडे बोट करून काहीतरी बोलली आणि टाळी वाजवून हसली.

“काय म्हणतेय?” जुम्वानं विचारलं.

“म्हणतेय, जॉर्जो चांगला मुलगा आहे,” न्झाई खाली बघत म्हणाला, “म्हणतेय, तू किती दिवस एकटी राहणार.”

“सांग तिला, ह्याच्या तीन शेळ्या आहेत, त्याच पुष्कळ झाल्या ह्याला.”

न्झाईनं सांगितलं. ओर्नेला डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. कित्साओ मात्र हसला नाही. तो टेबलाच्या टोकाला बसून बाटलीवरचा कागद नखानं सोलत होता. जुम्वाला वाटलं, दमला असेल.

मग ओर्नेला पेला घेऊन उठली. भोवतीच्या टेबलांवरची गोरी माणसंही गप्प झाली. ती इटालियनमध्ये बोलत होती आणि गोरी माणसं मध्ये मध्ये ‘ओह!’ करत होती. जुम्वानं न्झाईला कोपरानं ढोसलं. त्यानं एक घोट घेतला, मग दुसरा घेतला.

“इथला बंगला विकला म्हणतेय. आता येण्याजाण्याची दगदग सोसत नाही. रिकार्दोचा व्हिसा झाला. शुक्रवारी दोघं जातायत. लग्न तिकडे, बर्गामोला.” मग भराभर, एका दमात, “गावचं घर तुझं. टाकी तुझी. पोरांच्या शाळेचं ती बघणार. तू काही काळजी करू नको म्हणतेय.”

सगळे टाळ्या वाजवत होते. जुम्वाच्या हातांनीही टाळ्या वाजवल्या. सवयच ती. ओर्नेला वाकून तिला मिठी मारून म्हणाली, “दादा, मी, सुखी. तू, सुखी?” आणि जुम्वा म्हणाली, “सुखी.”

कित्साओ उठून मागच्या बाजूला गेला होता. जुम्वा त्याच्यामागे गेली. स्वयंपाकघराच्या मागे, रिकाम्या बाटल्यांच्या क्रेटपाशी, नाचणारी पोरं पलित्यांना रॉकेल पाजत बसली होती. कित्साओनं त्यांना जायला सांगितलं.

“शुक्रवारी?” जुम्वा म्हणाली.

“जुम्वा, इथं नको.”

“मग कुठं? विमानात?”

“हळू बोल.”

“थोयाचे बाबा, टुकटुक म्हणाला होतात ना तुम्ही?”

किती महिन्यांनी तिच्या तोंडून ती हाक निघाली होती. त्यानं दचकून मागे बघितलं, कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून. मग तो क्रेटवर बसला आणि त्यानं वाळूकडे बोट केलं. तिथं ती पोरं पलिते पेटवून उड्या मारायला लागली होती.

“बघितलीस? वीस-वीस वर्षांची आहेत. माझी पाठ धरते आता, सकाळी वाकून चप्पल घालता येत नाही. पुढल्या वर्षी ही नाही आली तर माझ्याकडे बघणार कोण?”

“आम्ही बघू की तुमच्याकडे.”

तो त्या पलित्यांकडेच बघत राहिला.

“आम्ही आहोत ना,” ती परत म्हणाली, “मका आहे, घर आहे. मी झावळ्या विणते. नका जाऊ.”

“आणि टाकी फुटली की? पोरांच्या शाळेचं काय? टुकटुकनं भागतं होय? मालिंदीत आता माणसं थोडी आणि टुकटुक जास्त आहेत. मी तिकडून पाठवत जाईन. दर महिन्याला पाठवीन.”

“परत कधी येणार?”

“बघू. कागदपत्रं व्हायला चार-पाच वर्षं लागतात म्हणे. एकटं येता येत नाही ना तोपर्यंत.”

“आणि पोरं? बापाशिवाय?”

आता इथं त्या माणसाला काय म्हणायचं तुम्ही सांगा. तो दुष्टपणानं बोलला असता तर तिनं त्याला तिथंच ओरबाडलं असतं. पण तो अगदी मनापासून, तिच्या दंडावर हात ठेवून म्हणाला, “पोरांचं काही नाही गं. त्यांना मी मामाच आहे. तू इतकं छान शिकवलंयस त्यांना. मामा परदेशी गेला, एवढंच. त्यांना काही चुकल्यासारखंसुद्धा वाटायचं नाही.”

जुम्वानं त्याचा हात झटकला. ती तरातरा टेबलापाशी आली. आता काय व्हायचं ते होवो, घर जावो, टाकी जावो, भिंतींत एरंड उगवो, तिला कशाची फिकीर उरली नव्हती. तिला फक्त तो माणूस पावसाळ्यात घरी यायला हवा होता. एवढंच हवं होतं, आणि ते मागायला तिच्यापाशी दुसरं काही नव्हतं, खरं तेवढं होतं.

“ओर्नेला,” ती म्हणाली, “हा माझा दादा नाही. नवरा आहे माझा. ती माझी पोरं त्याची आहेत. आम्ही तुला फसवलं. मीसुद्धा फसवलं. आता नेऊ नकोस त्याला.”

सोप्या शब्दांत, सावकाश, समोरच्याला कळावं म्हणून एकेक शब्द मोजून ती बोलली. ओर्नेलाला कळलं. तिच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं आणि डोळे मात्र बदलले. तिनं पेला खाली ठेवला. कित्साओ मागून येत होता, त्याच्याकडे बघितलं, आणि त्या बाईचा चेहरा असा झाला की जुम्वाला तिचीच कीव आली.

“जॉर्जो?” ओर्नेलानं विचारलं.

न्झाईनं पांढऱ्या पँटवरचा न दिसणारा डाग पुसला. “मला काय विचारता? मी समुद्रावरचा माणूस. घरचं मला काय माहीत.”

“न्झाई!” जुम्वा ओरडली, “माझ्या लग्नात ढोल वाजवलास ना रे तू!”

न्झाई उठून बारकडे गेला.

तोवर कित्साओ पोचला होता. त्यानं आपलं ते समुद्रावरचं हसणं काढलं, हात पसरले आणि इटालियनमध्ये काहीतरी गोड गोड बोलला. मग जुम्वाला कळावं म्हणून स्वाहिलीतही बोलला. “लहानपणापासून अशीच आहे ही. मी कुठं निघालो की काहीतरी बोलून अडवायचं. आई आजारी आहे म्हणेल, स्वप्न पडलं म्हणेल. जीव आहे तिचा माझ्यावर.”

ओर्नेला दोघांकडे बघत राहिली. ती मूर्ख नव्हती. एवढी वर्षं तिच्याही मनात कधी ना कधी काही आलंच असणार. ती टेबलाला धरून उठली आणि म्हणाली, “मुलं. मुलं खोटं नाही बोलत.”

आणि जुम्वाच्या जिवात जीव आला. हो, पोरं! थोयाला सगळं ठाऊक होतं. आठ वर्षांचा झाला होता तो, दर पावसाळ्यात त्याच बापाच्या खांद्यावर चढून वाडी डोक्यावर घ्यायचा. कित्साओचं हसणं मावळलं. त्यानं ओर्नेलाचा दंड धरायला हात पुढे केला, पण ती निघाली होती.

कसरतवाल्यांच्या कडेला पोरं बसली होती, बोटांना तेल आणि मीठ. ओर्नेला आपले ते दुखरे गुडघे वाळूत टेकून त्यांच्यासमोर बसली. जुम्वाही शेजारी बसली. कित्साओ दोन पावलं मागे उभा राहिला. ओर्नेलानं थोयाचा हात हातात घेतला आणि रिकार्दोकडे बोट केलं.

“थोया. हा. तुझा कोण?”

थोयानं आईकडे बघितलं.

जुम्वाला रडू फुटलं. इतक्या वर्षांचं सगळं एकदम वर आलं. “थोया, बाळा,” ती म्हणाली, “संपलं सगळं. आता खरं सांग. हा तुझा कोण?”

तोंडातून शब्द निघाले आणि तिच्या कानांनी ते ऐकले. हेच शब्द, चुलीपाशी बसून, असेच डोळे पुसत. तिनं घाईघाईनं पोराचे खांदे धरले. “नाही, नाही, तसं नाही रे. शपथ घेते, हा खेळ नाही!”

हेसुद्धा ती दर वेळी म्हणायची.

थोयाच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. तो आईकडे बघत होता, तिच्या गालांवरून ओघळणाऱ्या पाण्याकडे, थरथरणाऱ्या हनुवटीकडे. त्याचा हात नकळत स्वतःच्या गालाकडे गेला. मग त्यानं पाठ ताठ केली, ओठ चावला नाही, डगमगला नाही, आणि शाळेत गुरुजींना उत्तर द्यावं तसं खणखणीत म्हणाला, “मामा.”

“थोया, मी सांगतेय ना! तुझी आई सांगतेय! बाबा म्हण!”

“मामा आहे तो,” थोया म्हणाला, “मामा रिकार्दो.”

“मामा रिकार्दो!” म्बेयूनं टाळ्या वाजवल्या. तिला तर खोटं बोलायचीही गरज नव्हती.

जुम्वानं वर बघितलं. कित्साओ मान खाली घालून उभा होता. त्याला हायसं वाटलं की आणखी काही, देव जाणे. एक शब्द बोलला असता तर पुरलं असतं. पण तो बोलला नाही, आणि मग बोलायची वेळ निघून गेली.

ओर्नेलानं मोठा श्वास सोडला. मग तिनं जुम्वाला दोन्ही हातांनी जवळ ओढलं आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. “बिचारी. बिचारी बहीण. एवढं प्रेम,” ती म्हणत होती. “मी पाठवीन त्याला. तुझ्या दादाला भेटायला पाठवीन, हां? रडू नको.” तिच्या अंगाला कसल्याशा फुलांचा वास येत होता आणि तिचे अश्रू जुम्वाच्या मानेवर गरम गरम पडत होते. जुम्वाला तिला ढकलायचं होतं. हात उचलले गेले नाहीत.

आणखी कोणाला साक्षीला आणायचं? सासूला? ती ‘लेकी’ म्हणेल आणि पिंक टाकेल. वाडीला? वाडी टाकीचं पाणी पिते. जुम्वानं एकेक करून सगळी दारं आपल्या हातानं लावली होती, आणि तीही किती नीट.

आत बाजा सुरू झाला. कोणीतरी ओर्नेलाला हाताला धरून उठवलं, तिनं डोळे पुसले आणि रिकार्दोला बोलावलं. तो गेला. गोरी माणसं एकमेकांच्या कमरेला धरून रांग करून नाचायला लागली, आणि रांगेच्या पुढे तो होता, पाठ दुखत असूनही गुडघे उंच उचलत. बारपाशी न्झाई पाठ करून बसला होता. कोणीच जुम्वाकडे बघत नव्हतं.

ती तिथंच वाळूत बसून राहिली. थोया तिला चिकटून बसला. त्याला काहीतरी सांगायचं होतं, ते तो मघापासून दाबून धरत होता. शेवटी तो तिच्या कानापाशी आला.

“ह्या वेळी फसलो नाही ना मी?” तो कुजबुजला. “तू एवढी खरी खरी रडलीस, आई, तरी नाही फसलो.”

आणि त्यानं तळहात पुढे केला. ते बघून म्बेयूनंही केला.

जुम्वानं पदराची गाठ सोडायला घेतली. गाठ घट्ट बसली होती, शेवटी तिनं ती दातांनी सोडली. एक वडी थोयाला दिली, एक म्बेयूला.

“शाबास,” ती म्हणाली.

थोयानं वडीचा तुकडा तोडला, नाचणाऱ्यांच्या रांगेकडे बघितलं आणि तोंड भरलेलं असतानाच विचारलं, “शुक्रवारी ती जाणार ना? मग शनिवारपासून बाबा म्हणायचं, हो ना?”

जुम्वानं उरलेली वडीही त्याच्या हातावर ठेवली.